डाव्या कोपऱ्यातली पांढरी खुर्ची

इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबनं टोकियोतल्या हिराता-सान आणि त्यांच्या पत्नी फुमिको-सान यांना फसवलं. पैशात नाही, शब्दात. पैशातली फसवणूक मी पुष्कळ पचवली आहे. लेथवर हेल्पर म्हणून लागून पुढं स्वतःची फाउंड्री काढलेल्या माणसाला ती पचवावीच लागते. ही पचत नाही. क्लबचं नाव मी लिहिणार नाही, कारण हिराता-सानांनी तसा शब्द माझ्याकडून घेतला आहे आणि मी शब्द पाळतो. ज्यानं केलं त्याला वाचल्यावर कळेल. मराठी येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्यावं.

ओजिमा

जपानला मी गेलो ते मुलीकडं. मंजू आणि जावई अमोलराव सहा वर्षं टोकियोच्या ओजिमा भागात राहतात. उंच, लांबलचक सरकारी इमारती आणि त्यांत इतके आपले लोक, की पहिल्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये कुणीतरी फोनवर "कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या?" असं विचारत होतं. मला वाटलं, उगाच एवढा व्हिसाचा खटाटोप केला.

बायको गुडघ्यांमुळं आली नाही. तिनं माझ्यासोबत कांदा-लसूण चटणीचा डबा आणि कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी दिली होती. बरणी विमानात फुटली. माझे तीन शर्ट लोणच्यात मुरले. बॅगेच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत एकच कपडा धड राहिला होता, तो म्हणजे आमच्या तालमीची जुनी जर्सी, पाठीवर आणि छातीवर तीन नंबर. ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडं प्रत्येक पेठेची तालीम असते आणि तालमीचा फुटबॉल संघ असतो. मॅचच्या दिवशी सख्खे मेहुणे एकमेकांशी बोलत नाहीत. मी अकरा वर्षं डावा बचाव सांभाळला. डाव्या कोपऱ्यातून आत येणाऱ्या माणसाला मी आत येऊ दिलं नाही, आला तर नीट परत जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जर्सी घालून मी बरणीच्या काचा, लोणचं, केळ्याच्या साली, सगळं एका पिशवीत भरून खाली कचऱ्याच्या जागी ठेवून आलो. अर्ध्या तासात बेल वाजली. दारात पंच्याहत्तरीचे एक किडकिडीत गृहस्थ. हातांत पांढरे हातमोजे घातलेले. एका हातात माझी पिशवी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात बांधलेल्या बरणीच्या काचा. काचा चक्क धुतलेल्या होत्या. तेलाचा डागसुद्धा नव्हता.

"आबा, आज फक्त जळणाऱ्या कचऱ्याचा वार आहे," मंजू म्हणाली. "काच गुरुवारी. हे हिराता-सान, म्हणजे हिराताजी, शेजारच्याच घरात राहतात. या आठवड्यात कचऱ्यावर लक्ष ठेवायची त्यांची पाळी आहे."

"म्हणजे ह्या माणसानं माझा कचरा उपसला? त्यांना सांग, कोल्हापुरात असं कुणी दारात कचरा परत आणून दिला असता तर पेठ गोळा झाली असती!"

मंजू कमरेत वाकून चार शब्द बोलली. ते त्याहून जास्त वाकले.

"काय सांगितलंस?"

"सॉरी म्हटलं."

"मी सॉरी म्हणालो नव्हतो."

"तुमच्या वतीनं म्हटलं, आबा. इथं तेवढंच बसतं."

हिराता-सान जायला वळले आणि थांबले. माझ्या छातीवरच्या तीन नंबरकडं बघत त्यांनी कचऱ्याची पिशवी तशीच हातात धरून, सत्तरीपार वयात, उजव्या पायानं हवेत एक हलकीशी लाथ मारली. "साक्का?"

मी मान डोलावली. त्यांचा चेहरा असा काही उजळला की माझी भांडायची सगळी तयारी वाया गेली. रविवारी सकाळी दहा वाजता चहाला या, असं सांगून ते गेले. एका इंग्लिश क्लबची मॅच बघायची होती.

पहिला रविवार

मॅच इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी होते, तेव्हा जपानात मध्यरात्र असते. हे दोघं जागत बसत नाहीत. क्लब आपल्या मॅचचं चित्रण स्वतःच इंटरनेटवर ठेवतो, ते रविवारी सकाळी, आंघोळ करून, निकाल न बघता, आत्ताच चालू आहे अशा थाटात बघायचं. माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती. ते स्वतः बसक्या मेजाशी जमिनीवर. कोपऱ्यात लाकडी देव्हाऱ्यासारखं कपाट होतं, त्यात तिशीतल्या एका तरुणाचा हसरा फोटो. गळ्यात हिरवा मफलर. समोर छोट्या वाटीत भात. मी काय ते समजलो आणि विचारलं नाही.

फुमिको-सान ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, गुडघे दुखतात म्हणून पाय एका बाजूला मुडपून बसलेल्या. त्यांनी ओनिगिरी केल्या होत्या, म्हणजे भाताचे तिकोनी गोळे, समुद्री शेवाळाच्या काळ्या पानात गुंडाळलेले. मी नेलेली चटणी मंजूनं पुढं केली. फुमिको-सानांनी बोटाच्या टोकावर घेतली, डोळ्यांत टचकन पाणी आलं, त्या हसल्या आणि म्हणाल्या, चांगली आहे. मग उठून त्यांनी एका ओनिगिरीत चिमूटभर चटणी भरली आणि ती फोटोसमोर ठेवली.

"मुलाला तिखट आवडायचं म्हणतात," मंजू हळूच म्हणाली.

माझ्या बायकोची चटणी कुठल्या कुठं नैवेद्याला गेली, असं माझ्या मनात आलं.

मॅच सुरू झाली. क्लब इंग्लंडच्या चौथ्या पायरीवरचा आणि त्या पायरीच्याही तळाशी. कित्येक आठवडे जिंकलेला नव्हता. आणखी खाली घसरला तर मैदान विकून तिथं घरं बांधतील अशी चर्चा होती, ती हिराता-सानांनी मला आधीच गंभीरपणे सांगितली. झिमझिम पाऊस, समोरच्या हिरव्या खुर्च्यांवर तुरळक माणसं, सगळ्या मैदानासाठी एकच कॅमेरा. बॉल जिकडं तिकडं तो मान वळवायचा, म्हाताऱ्या बैलासारखा.

संघ इतका वाईट खेळत होता की मला बसवेना. त्यातही डावा बचाव करणारा पोरगा! समोरचा दर वेळी त्याच्या अंगावरून आरामात आत शिरत होता. अन् प्रत्येक वेळी बॉल त्या डाव्या कोपऱ्यात गेला की हे नवराबायको काय करायचे? पुढं झुकायचे. फुमिको-सान काहीतरी पुटपुटायच्या आणि दोघंही हळूच टाळी वाजवायचे. बोटांच्या टोकांनी, आवाज होऊ नये अशी.

एकदा झालं, दोनदा झालं. पाचव्या वेळी समोरच्यांना कॉर्नर किक मिळाली आणि यांनी पुन्हा टाळी वाजवली. माझं डोकं फिरलं. मी उठून टीव्हीसमोर उभा राहिलो.

"अहो, टाळ्या कसल्या वाजवताय? कॉर्नर त्यांचा आहे! ते विरुद्ध पार्टीचे आहेत! मंजू, सांग ह्यांना, हा डावा बचाव झोपलाय, ह्याला शिव्या घालायच्या असतात!"

फुमिको-सानांनी फक्त मान एका बाजूला कलती केली, माझ्या पोटाच्या आडून टीव्ही दिसावा म्हणून. मग दुसऱ्या बाजूला. तोवर बॉल तिथून निघून गेला होता. त्या सरळ बसल्या आणि माझ्या कपात चहा ओतला.

मध्यांतरात हिराता-सानांनी माझी माफी मागितली. माझी! आधी सांगायला हवं होतं, म्हणाले. कपाटातून एक फोटो आणि फ्रेम केलेलं एक इंग्रजी पत्र काढलं.

केन्जी त्यांचा एकुलता एक. इंग्लंडच्या त्या गावात दोन वर्षं शिकायला होता. दर शनिवारी एकाच खुर्चीवर बसून मॅच बघायचा. परत येऊन उत्तरेकडच्या आपल्या गावी मासळी बाजाराच्या ऑफिसात लागला. २०११च्या मोठ्या भूकंपाच्या दिवशी बाजारातल्या म्हाताऱ्यांना टेकडीवर पोचवून आणखी कुणाला तरी आणायला खाली गेला. समुद्रानं नेलं. घरही नेलं. केन्जी सापडला नाही.

त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या इंग्लिश माणसांना हे कळलं तेव्हा त्यांनी क्लबला सांगितलं. तेव्हाच्या अध्यक्षांनी पत्र लिहिलं: हा स्टँड उभा असेतोवर ती खुर्ची केन्जीची, तिच्यावर दुसरं कुणी बसणार नाही, आणि त्याच्या आईवडिलांना ती ओळखू यावी म्हणून ती पांढरी रंगवली आहे. फोटोत शेकडो हिरव्या खुर्च्यांत एक पांढरी. डाव्या कोपऱ्याच्या बरोबर मागं.

या दोघांनी ती प्रत्यक्ष कधी पाहिलेली नाही. सापडलेलं काहीच नाही म्हणून गावी थडग्यात ठेवायलाही काही नव्हतं. बॉल त्या कोपऱ्यात गेला की कॅमेरा वळतो आणि तांदळाच्या दाण्याएवढी ती खुर्ची दोन-तीन सेकंद दिसते. फुमिको-सान पुटपुटतात ते "दिसला".

"पूर्वी संघ चांगला होता," हिराता-सान मंजूमार्फत म्हणाले, "तेव्हा बॉल फार त्या बाजूला यायचा नाही. एका मॅचमध्ये एकदा, दोनदा. यंदा हंगाम फार वाईट चाललाय." आणि थोडे लाजून म्हणाले, "यंदा खूप वेळा दिसतो."

मी खाली बघत राहिलो. पाचव्या वेळी मी टीव्हीसमोर उभा होतो.

उत्तरार्धात बाजू बदलल्यामुळं आमचाच संघ त्या कोपऱ्याकडं चढाई करणार होता, म्हणजे बॉल तिकडं जवळपास जाणारच नव्हता. तरी एकदा कसाबसा गेला. तेव्हा तिघांनी टाळी वाजवली, आणि माझी जरा मोठ्यानं वाजली. मॅच आम्ही हरलो. हिराता-सान मनापासून हळहळले. त्यांची अडचण मला तेव्हा नीट कळली: बॉल डाव्या कोपऱ्यात यावा, पण जाळीत जाऊ नये. क्लब बुडाला तर स्टँड जाणार आणि स्टँडबरोबर तो शब्दही.

त्सुकुबा

पुढच्या शनिवारी अमोलराव मला त्सुकुबाला घेऊन गेले. आखून बांधलेलं शास्त्रज्ञांचं गाव. वेगवान लोकलमधून उतरलं की रुंद रस्ते, झाडं, सायकली, संशोधन संस्थांच्या इमारती. मला तिथलं यंत्रांचं प्रदर्शन आवडलं. एका ओतीव कास्टिंगवरून हात फिरवायला गेलो तर रखवालदार धावत आला. माल बघायचा तर हात लावावा लागतो, हे त्यांना पटत नाही.

जवळच्या डोंगरावर देवस्थानाच्या वाटेवर बेडकाच्या तेलाचं मलम विकतात. जुन्या वेषातला एक माणूस तलवार नाचवत, ओरडून त्याची महती सांगत होता. आमच्या जत्रेतल्या तेलवाल्यासारखाच. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. दोन डब्या घ्यायच्या होत्या, एक बायकोच्या गुडघ्यांसाठी, एक फुमिको-सानांच्या. दुकानातल्या बाईंशी मी सवयीनं घासाघीस सुरू केली. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तीच किंमत पुन्हा सांगितली, आणि डब्या इतक्या सुंदर कागदात बांधून दिल्या की मला हरल्यासारखं वाटेना. परतताना अमोलराव म्हणाले, "इथं कुणी भाव करत नाही, आबा."

"म्हणून तर कुणी समोरच्याशी दोन मिनिटं बोलत नाही," मी म्हणालो. गाडीत सगळे गप्प बसले होते, त्यामुळं मला तो मुद्दा पुढं वाढवता आला नाही.

दुसरा रविवार

मी दहाला पाच कमी असतानाच हजर. डबी दिली, फुमिको-सानांनी ती दोन्ही हातांनी कपाळापर्यंत नेली. मी या खेपेला जमिनीवर बसलो, टीव्ही कुणाचाच अडणार नाही असा.

चौथ्या मिनिटाला बॉल डाव्या कोपऱ्याकडं गेला. आम्ही पुढं झुकलो. कॅमेरा वळला.

हिरव्या खुर्च्या नव्हत्या. पूर्ण स्टँडवर निळं कापड ताणलेलं होतं आणि त्यावर कुठल्याशा गाद्यांच्या दुकानाची जाहिरात. कॉमेंट्री करणारा म्हणाला, प्रेक्षक कमी झाल्यामुळं हा स्टँड बंद केला आहे. रिकाम्या खुर्च्या दिसायला बऱ्या दिसत नाहीत. तेवढं इंग्रजी मला कळतं.

हिराता-सानांनी आवाज थोडा कमी केला. फुमिको-सानांनी चहा ओतला. पण पुढच्या वेळी बॉल तिकडं गेला तेव्हा त्या पुन्हा पुढं झुकल्या, मान कलती करून. कापडाच्या आडून बघता येईल अशी.

त्या दिवशी आमचा संघ जिंकला. कित्येक आठवड्यांनी. हिराता-सान "छान, छान" म्हणाले.

मी मंजूला म्हणालो, कागद घे. दहा मुद्दे सांगितले. पत्राची प्रत, वचनभंग, कापड ताबडतोब काढणं, जाहीर माफी, वर्तमानपत्रांना बातमी, सगळं. मंजूनं ते भाषांतर करून सांगितलं. हिराता-सानांनी लक्षपूर्वक ऐकलं.

"ते म्हणतात, त्यांचा हंगाम वाईट चाललाय. घरात आजारपण असताना पाहुण्यानं जेवणाबद्दल तक्रार करू नये."

"पाहुणे कसले? खुर्ची त्यांची आहे! बरं, माफी राहू दे. सात मुद्दे."

ते हसून मान हलवत राहिले.

"पाच. वर्तमानपत्रं नकोत. चार! अरे, चार तरी घ्या!"

"आबा," मंजू म्हणाली, "ते पहिल्यापासून नाहीच म्हणतायत. तुम्ही एकटेच खाली उतरताय."

भंगारवाले, बँकवाले, वीज मंडळ, सगळ्यांशी मी सौदे केले आहेत. ज्याला काहीच नको त्याच्याशी सौदा कसा करायचा, हे मला माहीत नव्हतं. तेव्हा फुमिको-सान प्रथमच आपण होऊन माझ्याशी बोलल्या. कापड मोठं आहे, त्याला पैसे पडले असतील, ते काढा म्हणणं बरं नाही. पण त्यात एक भोक पाडता येईल का? एका खुर्चीएवढं?

त्यांनी दोन्ही हातांनी हवेत माप दाखवलं. आणि मग, ते फार झालं की काय असं वाटून, हात आणखी थोडे जवळ आणले.

त्याला भाषांतराची गरज नव्हती. चार हवे असले की दहा मागायचे, हे मी आयुष्यभर करत आलो. या बाईंनी एक मागितलं आणि तेही मागतानाच कमी केलं.

पत्र लिहायला हिराता-सान तयार झाले, दोन अटींवर. क्लबचं नाव मी कुठं खराब करायचं नाही, आणि पत्राचं पहिलं वाक्य असं हवं: तुमच्या अडचणीच्या दिवसांत त्रास देत आहोत, क्षमा असावी. या वाक्यावरून मी त्यांच्याशी दोन दिवस भांडलो. हरलो. वाक्य गेलं.

कोल्हापूर

मला परत येऊन बरेच महिने झाले. जपानात दहा वाजतात तेव्हा आमच्याकडं साडेसहा. दर रविवारी चहा घेऊन मी तीच मॅच लावतो. तिकडं ते दोघं, इकडं मी. बायकोही येऊन बसते. मलमानं तिच्या गुडघ्यांना काही फरक पडलेला नाही. फुमिको-सानांना पडला, असं त्या म्हणतात. मला ती निव्वळ सभ्यता वाटते. बॉल तिकडं गेला की बायको विचारते, "दिसला का हो?" मी नाही म्हणतो.

क्लबला तीन पत्रं गेली. एकाचंही उत्तर नाही. वाईट हंगाम शेवटच्या दिवशी बरोबरी साधून संपला आणि क्लब बुडता बुडता वाचला. हिराता-सानांनी मंजूकरवी मुद्दाम फोन केला: आता त्यांची अडचण सरली, आता ते नक्की काढतील. मीही मान्य केलं. म्हातारा बरोबर असेल, मीच उतावळा असेन.

नवा हंगाम सुरू झाला. नवं कापड आलं. पहिल्यापेक्षा मोठं.

हिराता-सानांनी माझ्या बायकोसाठी वाळवलेलं शेवाळ पाठवलं. फुमिको-सान अजून पुढं झुकतात, मंजूनं सांगितलं.

नाव घेणार नाही हा शब्द मी पाळला आहे. गप्प बसेन असा शब्द मी कुणाला दिलेला नाही. तेव्हा ज्यानं ते कापड ताणायला सांगितलं, त्याला विचारतो. तुमच्याच अध्यक्षाच्या सहीचं पत्र ओजिमातल्या त्या कपाटात आहे. स्टँड उभा आहे. आता वाईट हंगामाचं कारणही उरलेलं नाही. कात्री नसेल तर मी पाठवतो, माणूस नसेल तर मी स्वतः येतो. डाव्या कोपऱ्यामागं, एका खुर्चीएवढं भोक. पाडताय की नाही? एका शब्दात कळवा, आणि मला नको, त्यांना कळवा.